बोर्डाच्या कागदावरचं 'शून्य'

जवानांचं टपाल: माजी सैनिकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं साखरेच्या आजाराची आहेत. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून तीन निवडली. नावं आणि गावं गाळली आहेत. इतरांनी आपलं उत्तर यातच शोधावं, कारण दुखणं सगळ्यांचं एकच आहे: फौजेत असताना मधुमेह झाला, घरी येताना बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, तो मान्यही केला, पण पेन्शनच्या रकान्यात काही आलं नाही.

पत्र पहिलं

सुभेदार साहेब, जय हिंद. मी तोफखान्यात २४ वर्षं नोकरी करून २०१९ च्या डिसेंबरअखेर हवालदार म्हणून घरी आलो. गाव खटाव तालुक्यात. २०१३ ते २०१५ अशी अडीच वर्षं कुपवाड्याला होतो. तिथून युनिट पीसला (शांत भागातल्या ठाण्यावर) आलं आणि २०१६ च्या वार्षिक मेडिकलला शुगर निघाली. भरती झालो तेव्हा काही नव्हतं. वडिलांना नाही, आईला नाही. कॅटेगरी (तब्येतीची खालची श्रेणी) लागली, गोळ्या सुरू झाल्या, आता दोन वेळा इन्सुलिन घेतो. घरी येताना बोर्ड झालं. कागदावर '२० टक्के, आजीवन' असं लिहिलंय आणि त्याच पानावर पुढे पेन्शनसाठी 'शून्य'. मी सही केली. मार्च २०२० मध्ये रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, क्लेम नामंजूर. मग लॉकडाऊन लागला आणि पत्र ट्रंकेत राहिलं. आता माझ्याच बॅटरीतल्या (तोफखान्याच्या तुकडीतल्या) एकाला मंजूर झाल्याचं कळलं. तालुक्याला एक जण केस करून देतो म्हणतो, पण मिळेल त्यातला तिसरा हिस्सा मागतो. थोरला भाऊ म्हणतो, तुला काय गोळी लागली होती का? साखर गावात घरटी एकाला आहे, तिचं कसलं पेन्शन मागतोस? खरं सांगतो साहेब, मलाही लाज वाटते. उशीर झाला का? आणि मागणं बरोबर आहे का?

उत्तर

हवालदार साहेब, जय हिंद. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बोर्डाने जेवढे क्लेम बुडवले, त्याहून जास्त या लाजेने बुडवलेले मी पाहिले आहेत.

मागणं बरोबर आहे. भरतीच्या दिवशी तुम्हाला उघडं उभं करून तपासलं, छाती मोजली, दात मोजले, लघवी तपासली, आणि धडधाकट आहे म्हणून सरकारनेच घेतलं. भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर नंतर उद्भवलेला आजार सेवेतला धरायचा, आणि तो सेवेचा नाही हे दाखवण्याची जबाबदारी जवानावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या निकालात हे स्पष्ट सांगितलं. ते सिग्नल्समधले शिपाई. १९८५ ला भरती झाले आणि १९९४ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व लावून घरी पाठवले गेले. गोळी त्यांनाही लागली नव्हती. आज देशभर जवानांचे जे दावे मंजूर होतात, त्यातल्या बहुतेकांत या निकालाचा आधार असतो.

भावाला मात्र एक गोष्ट समजावून सांगा. साखर गावात घरटी आहे हे खरं. पण गावातला माणूस भूक लागली की जेवतो, गोळीची वेळ झाली की बायको आठवण करते, रात्री अंथरुणावर झोपतो. कुपवाड्यात अडीच वर्षं तुमच्या हातात यातलं काय होतं? हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. फौजेच्या डॉक्टरांसाठी सरकारने जी मार्गदर्शिका काढली आहे, २००२ ची आणि पुढे २००८ मध्ये सुधारलेली, तिच्यात मधुमेहावर वेगळा परिच्छेद आहे. टाइप २ मधुमेह हा जीवनशैलीचा आजार आहे असं तिथे लिहिलंय, आणि त्याच परिच्छेदात हेही लिहिलंय की ताणतणाव, अयोग्य आहार आणि सेवेच्या कारणाने औषधपाणी नीट न होणं यांनी तो उफाळतो किंवा हाताबाहेर जातो. फील्डमध्ये (सीमेवरच्या किंवा कारवाईच्या भागात), अतिरेकीविरोधी कारवाईत, अति उंचावर किंवा जहाजावर दीर्घकाळ असताना सुरू झाला, तर सेवेमुळे बळावला असं मानायचं, असंही त्यात आहे. बोर्ड यातला 'जीवनशैली' हा एक शब्द उचलतं आणि बाकीचा परिच्छेद सोडून देतं.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. '२० टक्के' आणि 'शून्य' हे एकाच पानावर कसं, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. बोर्ड दोन वेगळे निर्णय देतं. पहिला, आजार किती आहे. टाइप २ मधुमेहाला बहुतेक वेळा २० टक्के लावतात, आणि पेन्शनसाठी किमान २० च लागतात, म्हणजे ती पायरी तुम्ही चढलात. दुसरा, आजाराचा सेवेशी संबंध आहे का: सेवेमुळे झाला, की सेवेमुळे वाढला, की दोन्ही नाही. 'दोन्ही नाही' असं लिहिलं की पेन्शनपात्र टक्केवारी आपोआप शून्य होते. म्हणजे तुमचं भांडण टक्क्यांशी नाही. ते त्या दुसऱ्या निर्णयाशी आणि त्याच्यासमोर लिहिलेल्या कारणाशी आहे. ते कारण शब्दन् शब्द वाचा. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज असा की तिथे एकच ओळ असेल: आजार पीस स्टेशनवर सुरू झाला, फील्ड सेवेशी निकटचा संबंध नाही.

ही ओळ आज पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टाइप २ मधुमेह असलेल्या एका सुभेदाराच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्याही कागदावर पीस स्टेशनचंच कारण होतं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: आजार कुठे दिसला एवढ्यावरून तो सेवेचा नाही हे ठरत नाही, सेवेमुळे नसेल तर मग कशामुळे, हे बोर्डाने सांगायला हवं, आणि 'जीवनशैलीचा आजार' एवढं म्हणणं म्हणजे कारण नव्हे. साखर काही एका रात्रीत चढत नाही. ती शरीरात आधीपासून वाढत असते, तपासणीला नंतर दिसते. तुमची तर कुपवाड्याहून उतरल्यावर पुढच्याच वर्षी निघाली. अपिलात हीच गोष्ट तारखांसह मांडा: कुपवाड्यात कधी गेलात, कधी उतरलात, त्या काळातल्या वार्षिक मेडिकलमध्ये काय होतं आणि २०१६ मध्ये काय निघालं.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही.

मी युनिटमध्ये हेड क्लार्क होतो. घरी जाणाऱ्या प्रत्येकाचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६. त्याच्या सुरुवातीला जवानाने स्वतः भरायचा भाग असतो. त्यातला एक प्रश्न असा: सेवेत असताना घडलेल्या ज्या घटनांमुळे तुमचा आजार झाला किंवा वाढला असं तुम्हाला वाटतं, त्यांचा तपशील द्या. फॉर्म इंग्रजीत. जवान पेन धरून विचारायचा, साहेब, यहाँ क्या लिखूँ? आणि मी मान वर न करता सांगायचो, निल लिख दो, म्हणजे 'काही नाही'. किती जणांना सांगितलं याचा हिशेब नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. फॉर्म वेळेत हॉस्पिटलला पोचवायचे असायचे, आणि सगळेच क्लार्क तसंच करत होते.

एक नाईक होता. मी सांगायच्या आधीच त्याने त्या रकान्यात निळ्या बॉलपेनने हिंदीत दोन ओळी लिहिल्या होत्या: पोस्ट पर खाना रात दो बजे आता था, दवाई नीचे बेस में रह जाती थी. अक्षर मोठं, रकान्याच्या बाहेर गेलेलं. मी त्याला नवा कोरा फॉर्म दिला. म्हटलं, कशाला भानगड, डॉक्टर प्रश्न विचारत बसतील, तुझी तारीख पुढे जाईल. त्याने काही न बोलता नव्या फॉर्मवर 'निल' लिहिलं. जुना फॉर्म मी फाडला. त्याचा क्लेम फेटाळला गेला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. निवृत्तीनंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे (फौजेच्या तक्रारींचं न्यायालय) निकाल वाचायला लागलो, तेव्हा कळलं की त्या दोन ओळींत मार्गदर्शिकेतली जवळजवळ सगळी कारणं होती: अवेळी जेवण, औषधात पडलेला खंड, आणि तोही सेवेच्या कारणाने.

म्हणून, हवालदार साहेब, तुमच्या फॉर्मवर त्या जागी 'निल' असेल तर घाबरू नका, पण ते गृहीत धरून तयारी करा. तेव्हा लिहिलं नाही ते आता अपिलात लिहा. कुठल्या पोस्टवर होता, जेवण कधी यायचं, रात्रीची ड्यूटी किती तास असायची, आजारी पडल्यावर एमआय रूम (युनिटचा दवाखाना) किती लांब होती. खरं असेल तेवढंच लिहा. वाढवून लिहिलेलं वाक्य तपासणाऱ्याला पहिल्या वाचनात कळतं, आणि मग खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

दोन बाजू कच्च्या असू शकतात, त्याही पाहून घ्या. पहिली वजनाची. दर वर्षीच्या मेडिकलमध्ये तुमचं वजन आणि उंचीप्रमाणे असायला हवं ते वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं वजन जास्त आणि 'कमी करण्याचा सल्ला दिला' अशा नोंदी असतील, तर बोर्डाला बोलायला जागा मिळते. अशा प्रकरणांत दावे फेटाळलेही गेले आहेत. दुसरी बाजू घराण्याची. तुमच्या आईवडिलांना मधुमेह नाही, हे अपिलात स्वच्छ शब्दांत लिहा. ज्यांच्या घरात आहे त्यांनी ते लपवू नये, कारण केसशीटमध्ये डॉक्टरने ते विचारून लिहिलेलं असतंच.

उशीर झालाय, पण दरवाजा बंद झालेला नाही. नामंजुरीच्या पत्रापासून पहिल्या अपिलाला सहा महिने असतात. ते गेले. तरीही पहिलं अपील आता पाठवा आणि सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज जोडा. तुमचं पत्र मार्च २०२० मधलं आहे. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या वेळी दिला होता, त्याचा उल्लेख त्या अर्जात करा. अपील फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे, महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात त्याच्याकडे येतात. अपील करून सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर वाट बघत न बसता न्यायाधिकरणात जाता येतं. पेन्शनच्या बाबतीत अन्याय दर महिन्याला नव्याने होतो असं मानतात, म्हणून केवळ उशिरापायी दावा सहसा बाहेर फेकत नाहीत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग निकालानंतर, म्हणजे २००८ पासून, थकबाकी बहुधा अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच देतात. म्हणजे तुम्ही जितके महिने थांबाल, तितक्या महिन्यांचे पैसे मागच्या बाजूने गळत जातात.

किती पैसे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात ठरवायला लागेल. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते, कमी टक्क्यांना त्याच प्रमाणात. समजा मूळ पगार आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून तुमचे ५०,००० होत होते. शंभर टक्क्यांना १५,०००, आणि २० टक्क्यांना ३,०००. पण २० टक्के हे २० राहत नाहीत. पन्नासच्या आत असलेली टक्केवारी ५० धरायची, असा नियम आहे. आधी तो फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना लागू होता. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने तो तुमच्यासारख्या, नोकरी पूर्ण करून आलेल्यांनाही लागू केला. म्हणजे ३,००० चे होतात ७,५००, वर महागाई सवलत, आणि ते आयुष्यभर. तुमचं नेहमीचं पेन्शन याने कमी होत नाही.

या हिशेबातून त्या तालुक्याच्या माणसाला तिसरा हिस्सा द्यायचं काही कारण मला दिसत नाही. तो जे करणार त्यातला मोठा भाग तुम्ही स्वतः करू शकता. रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. मागायचं ते असं: रिलीज बोर्डाची पूर्ण प्रत, २०१६ ला कॅटेगरी लागली तेव्हाच्या आणि नंतरच्या बोर्डांच्या प्रती, हॉस्पिटलचं केसशीट, वार्षिक मेडिकलच्या नोंदी, आणि कुठून कुठे बदली झाली त्याचा फील्ड-पीससह तक्ता. हे कागद हातात आल्याशिवाय अपील लिहायला बसू नका. वकील लागेल तो न्यायाधिकरणाच्या वेळी. त्यासाठी आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. तिच्यात सैनिक कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदतीची सोय करायची आहे. तिथे ती कुठवर आली ते विचारा, आणि नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, आणि बँकेचं पासबुक कुणाच्या हातात देऊ नका.

इन्सुलिनचं म्हणाल तर औषध ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) घेत राहा आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. पण अपिलात आजच्या तब्येतीवर पानं खर्च करू नका. प्रश्न घरी येताना काय होतं आणि ते कशामुळे होतं, एवढाच आहे.

पत्र दुसरं

नमस्कार दादा. माझे मिस्टर फौजेत नाईक होते, २०१२ ला पेन्शनवर आले. नोकरीतच शुगर होती. पेन्शनवर आल्यावर किडनी खराब झाली, गेल्या दिवाळीच्या आधी गेले. त्यांची ट्रंक उघडली तर खाली एका पिशवीत बोर्डाचे कागद सापडले. त्यात २० टक्के लिहिलेलं आहे असं मुलगा म्हणतो. आम्हाला ते कधी बोलले नाहीत. मला फॅमिली पेन्शन सुरू आहे. आता ते नाहीत, तर या कागदाचा काही उपयोग आहे का? आम्ही कागल तालुक्यात राहतो.

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते घरी बोलले नाहीत, कारण 'नामंजूर' हा शब्द घरी सांगायला फार जणांना जड जातं. त्यात तुमच्यापासून काही लपवण्याचा भाग नसावा.

कागदाचा उपयोग आहे, पण किती, ते सरळ सांगतो. त्यांना जे अपंगत्वाचं पेन्शन मिळायला हवं होतं, त्याची थकबाकी त्यांच्या मृत्यूच्या तारखेपर्यंत वारस म्हणून तुम्ही मागू शकता. त्यापुढे ती रक्कम तुमच्या फॅमिली पेन्शनमध्ये जमा होत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वरच्या उत्तरात तीन वर्षांच्या थकबाकीचं लिहिलंय. तुमच्या बाबतीत ती तीन वर्षं अर्जाच्या दिवसापासून मागे मोजतील, आणि त्यातला मृत्यूनंतरचा काळ वजा होईल. म्हणजे तुम्ही वर्षभर थांबलात तर आणखी एक वर्ष गेलं.

दुसरी घाई याहून मोठी आहे. २००८ च्या नियमांत जवानाला काही सिद्ध करावं लागत नाही असं म्हटलंय, पण त्याला एक अपवाद जोडलाय: निवृत्तीनंतर पंधरा वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोवर सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झालेले असतील, तर सिद्ध करायचा भार मागणाऱ्यावर येतो. २०१२ ला पंधरा मिळवले की २०२७. म्हणून ती पिशवी ही तुमची सगळ्यात मोठी वस्तू आहे. मूळ कागद कुणालाही देऊ नका, मुलाला सांगून रंगीत प्रती काढून घ्या. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यूचा दाखला आणि ती बोर्डाची पानं घेऊन कोल्हापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे दोन गोष्टी विचारा: नामंजुरीचं पत्र कधी आलं होतं, आणि मिस्टरांनी अपील केलं होतं का. माहितीच्या अधिकारातला अर्ज तुमच्या नावाने, वारस म्हणून करा.

किडनीचं दुखणं साखरेमुळेच झालं असं डॉक्टरांनी कुठे लिहिलं असेल, तर तो कागदही वेगळा काढा. मृत्यूचं कारण सेवेशी जोडलं गेलं तर फॅमिली पेन्शनचा प्रकार बदलू शकतो. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी ते सिद्ध करणं अवघड आहे. मी तुम्हाला त्याची आशा दाखवत नाही. पण वकिलाने ते कागद पाहावेत.

पत्र तिसरं

राम राम सुभेदार साहेब. मी स्वतः ७१ च्या लढाईत होतो, आता ७६ वर्षांचा आहे. मुलगा सुभेदार आहे, पुढच्या फेब्रुवारीत घरी येतोय. त्याला चार वर्षांपासून शुगर आहे, कॅटेगरीत आहे. त्याचं बोर्ड अजून व्हायचं आहे. तो म्हणतो, बाबा, युनिटचा क्लार्क सगळं भरून देतो. तुम्ही याच गोष्टीवर मागे लिहिलं होतं म्हणून विचारतो, त्याने काय काळजी घ्यावी? माझ्या जुन्या साथीदाराच्या केसचा अर्ज माझ्याकडे आहे, तोच नाव बदलून चालेल का?

उत्तर

काका, राम राम. तो अर्ज बाजूला ठेवा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत आणि तुमचा मुलगा त्यांत येतो. नोकरी पूर्ण करून घरी येणाऱ्याच्या रकमेचं नावसुद्धा बदललं आहे, आणि जुन्या नियमांची कलमं त्याच्या कागदावर चालणार नाहीत. त्या अर्जातली ओळ न् ओळ उतरवली, तर पहिल्याच वाचनात अर्ज परत येईल. कायद्याचं त्याने नव्या नियमांची प्रत समोर ठेवून वकिलाकडून समजून घ्यावं.

पण आज त्याच्या हातात जे आहे, ते खटावच्या हवालदार साहेबांच्या हातातून गेलं आणि माझ्या त्या नाइकाच्या हातातून मी काढून घेतलं. त्याचा फॉर्म अजून कोरा आहे. या रविवारी फोन आला की त्याला सांगा, शुगर निघाली त्याच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची चार वर्षं एका वहीत लिहून काढ. कुठे होता, काय ड्यूटी होती, रात्री किती झोप मिळायची, गोळ्या कधी चुकल्या आणि का, कॅटेगरीत असताना कुठे पाठवलं. मेडिकल स्पेशालिस्टसमोर बसेल तेव्हा हेच तोंडी सांगायचं, आणि डॉक्टरने केसशीटमध्ये लिहिलं का ते नम्रपणे विचारायचं. तो सुभेदार आहे, त्याला विचारता येईल. शिपायाला हे जड जातं.

आणि तो घटनांच्या तपशिलाचा प्रश्न आला की त्याने स्वतःच्या हाताने लिहावं. हिंदीत लिहिलं तरी चालेल, रकान्यात मावलं नाही तर जादा कागद जोडून त्यावर सही करावी. क्लार्क 'निल' लिहायला सांगेल. त्याच्यावर रागावू नये, त्यालाही वरून घाई असते, पण 'निल' लिहू नये. सही करण्याआधी भरलेल्या फॉर्मच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढता आले तर काढावेत, नाहीतर प्रत मागावी. बोर्डाची तारीख कळली की मला संपादकांच्या पत्त्यावर कळवा. त्याने लिहिलेला मजकूर आधी पाठवलात तर मी वाचून देईन.